वाणात गेलेलं वाडगं

चैत्रालीच्या हॉलमध्ये सोफ्यावर टेकता टेकता उल्काची नजर समोरच्या टीपॉयवर गेली आणि ती अर्धवट वाकलेली तशीच राहिली. टीपॉयवर तिच्या नवऱ्याचं, निशिकांतचं वाडगं होतं. त्यात शिगोशीग कुंकू भरलेलं. शेजारी स्टीलच्या वाटीत हळद, अत्तराची कुपी, काटेरी हलव्याची रिकामी ताटली, सांडलेले दाणे आणि कोणाच्या तरी गजऱ्यातून गळलेलं, कडेनं काळं पडत चाललेलं एक फूल. काल इथे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं होतं. उल्काला ते कोणी सांगितलं नव्हतं, पण सांगायला कशाला हवं? दारातल्या रांगोळीवरून चपला फिरल्या होत्या तरी ती ओळखू येत होती, आणि खोलीत अजून तो वास होता, अत्तर, गुळाची पोळी आणि इस्त्री मोडलेल्या काळ्या साड्या यांचा मिळून होणारा. स्वयंपाकघरातून चैत्राली विचारत होती, एसी लावू का, उकडतंय ना. उल्का बसली. काल एवढ्या बायकांनी या वाडग्यात बोटं बुडवली असतील, असं तिच्या मनात आलं, आणि लगोलग, काही कारण नसताना, निशिकांत ऑफिसच्या पँट्रीत पडला तेव्हा त्याच्या हातातला मग फुटला का, हे आपण कोणाला विचारलंच नाही, असंही आलं. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध? पण तो गेल्यापासून तिचं डोकं असंच चाललं होतं. एक खण उघडायला जावं तर भलताच उघडत होता.

“उद्या निवांत या उल्काताई, म्हणजे मला तुमच्याशी नीट बोलता येईल,” असं चैत्राली फोनवर म्हणाली होती. किती गोड वाक्य. उल्काला फोन ठेवल्यावर हसूच आलं होतं, कारण ते वाक्य तिचं स्वतःचं होतं. सिंगापुरात आल्यापासून दर संक्रांतीला ती ते नंदावहिनींना म्हणत आली होती. नंदावहिनींचे मिस्टर इथेच गेले, मुलाकडे राहत बिचाऱ्या, आणि उल्का त्यांना आवर्जून फोन करायची, तुम्ही दुसऱ्या दिवशी निवांत या हं वहिनी, म्हणायची, आणि त्या आल्या की कालच्या उरलेल्या पोळ्या साजूक तुपाबरोबर वाढायची. आपण किती सांभाळून घेतो लोकांना, असं मनातल्या मनात वाटायचंही. नंदावहिनी दोन घास खायच्या, छान झाल्यात म्हणायच्या, आणि बॅगेत घालून आणलेली नातवाची गोष्टींची पुस्तकं उल्काच्या मुलासाठी, तन्मयसाठी ठेवून जायच्या. त्यांना काय वाटत असेल, हा प्रश्न उल्काला त्या काळात एकदाही पडला नाही. तिला काय माहीत, आपण हे वाक्य शिवून तयार ठेवतोय आणि एक दिवस ते आपल्याच मापाचं निघणार आहे. व्हॉट्सॲपवरचा सेंगकांग भागातल्या मैत्रिणींचा ग्रुपही तसाच. तिला त्यातून कोणी काढलं नाही. छे, तेवढ्या असंस्कृत नव्हत्या त्या. फक्त डिसेंबरपासून तो ग्रुप गप्प झाला. आधी तिला वाटलं, आपल्या दुःखाचा मान राखतायत. मग लक्षात आलं की दुसरा ग्रुप निघाला आहे.

आज ती आली होती मिक्सर आणि तुळस द्यायला. सिमेईचा भाड्याचा फ्लॅट आवरत आणला होता, पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचं होतं. निशिकांतच्या नोकरीच्या पासवर तिचा इथे राहायचा पास, त्यामुळे तो गेला तसा तिचा पासही गेला. मुदत वाढवून वाढवून मिळालेल्या दिवसांत ती एक एक वस्तू लोकांच्या घरी पोचवत होती. मिक्सर, कुकर, पुस्तकांचं कपाट, सगळं बायका हसतमुखानं घेत होत्या. तिच्या हातचा मिक्सर चालत होता. तुळससुद्धा चालली, चैत्रालीनं दारातच दोन्ही हात पुढे करून कुंडी घेतली आणि बाल्कनीत नेऊन ठेवली. तुळशीला कळत नाही ना, देणारी कोण ते.

वाडगं तेच होतं, शंका घ्यायला जागाच नव्हती. राखाडीकडे झुकणारा पांढरा रंग, अंगभर केसासारख्या बारीक चिरा, आणि बाहेरच्या बाजूनं चढत गेलेली एक काळपट वाकडी फांदी, तिच्यावर पांढरी फुलं. काठाजवळचं एक फूल अर्धंच काढलेलं होतं. त्याच्या तीन पाकळ्या काढल्या होत्या आणि बाकी काठापलीकडे गेल्यासारखी सोडून दिली होती. निशिकांत म्हणायचा, बघ, काढणाऱ्याला जागा कमी पडली नाही, त्यानं मुद्दाम सोडलंय. पन्नास-साठ वर्षांपूर्वी क्योतोमधल्या कुठल्यातरी गल्लीत एका माणसानं ब्रश उचलताना काय विचार केला, याची याला कशाला पंचाईत, असं उल्काला वाटायचं. ऑफिसच्या कामासाठी तो वर्षातून दोनतीनदा जपानला जायचा, आणि इतर नवरे परफ्यूम नाहीतर चॉकलेटं आणतात तसा हा देवळाच्या आवारातल्या जुन्या बाजारातून एखादं वाडगं घेऊन यायचा. अशी चार झाली होती. प्रत्येक वाडग्याची स्वतःची लाकडी पेटी, झाकणावर काळ्या शाईनं काहीतरी लिहिलेलं, वरून चपटी फीत विशिष्ट गाठीनं बांधलेली. त्याला ‘चावान’ म्हणायचं, हे त्यानं तिला सांगितलं होतं. ती वाडगंच म्हणत राहिली. पुण्यात वाडगं म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं तेच तिच्या डोळ्यांपुढे होतं, आणि पाहुण्यांसमोर ती ते बोलूनही दाखवायची. आमच्याकडे नवरा वाडगी जमवतो, पुढेमागे उपयोगी पडतील, म्हणायची. सगळे हसायचे. निशिकांतही हसायचा.

रविवारी सकाळी तो बाल्कनीत चटई टाकून बसायचा. वाडगं गरम पाण्यानं विसळायचं, फडक्यानं पुसायचं, त्यात हिरवी पूड घालायची, पाणी घालायचं आणि बांबूच्या एवढ्याशा रवीनं घुसळत बसायचं. आणि मग प्यायच्या आधी ते तळहातावर घेऊन हळूच फिरवायचं. एकदा त्यानं तिला बसवलं होतं समोर. देणाऱ्यानं वाडगं ठेवताना चित्र घेणाऱ्याकडे करायचं असतं, त्यानं सांगितलं. आणि घेणाऱ्यानं उचललं की फिरवून चित्र परत देणाऱ्याकडे करायचं. चांगली बाजू समोरच्याला, आपण मागच्या बाजूनं प्यायचं. उल्का म्हणाली, मग पाहिलं कोणी? तू मला दाखवतोस, मी तुला दाखवते, चहा गार. एक घोट घेऊन तिनं तोंड वेडंवाकडं केलं, शेपूची भाजी उकडलेलं पाणी म्हणाली, आणि साखरेचा डबा आणायला उठली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या, तन्मयला क्लासला सोडायचं होतं. साखर घेऊन ती परत बाल्कनीत गेलीच नाही. तो तिच्या वाटणीचाही चहा प्यायला असणार. नंतर त्यानं तिला कधी बसवलं नाही, आणि तिलाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. रोजच्या संसारात अशी बोलावणी पन्नास येतात, पन्नास हुकतात, कोण हिशेब ठेवतो?

आणि मग ती संक्रांत. सिमेईच्या कॉन्डोतल्या त्या फ्लॅटमधलं उल्काचं हळदीकुंकू म्हणजे सिंगापुरातल्या निम्म्या पुण्याला ठाऊक. वाणाला तिनं भावाकडून तांब्याच्या छोट्या लोट्या मागवल्या होत्या, मोजून आणि वर थोड्या जास्त. पण त्या वर्षी चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसांत नवी बरीच मंडळी आली होती, आणि ज्या आल्या त्या आपल्या शेजारणींना घेऊन आल्या. लोट्या संपल्या. चौघी उरल्या, नव्या नवरीसारख्या नटून ओळीनं बसलेल्या, आणि चैत्राली त्यातलीच एक, लग्न होऊन नुकतीच आलेली. हळदीकुंकवाला आलेली सवाष्ण घरातून रिकाम्या हातानं गेली तर यजमानणीनं तोंड कुठे लपवायचं? उल्का आत गेली, इकडेतिकडे बघितलं, कपाट उघडलं, पेट्यांच्या गाठी सोडल्या आणि चारही वाडगी घेऊन बाहेर आली. एकेकात मूठभर तीळगूळ घालून ओटीत दिली. काय कौतुक झालं! खरीखुरी जपानी, हातानं रंगवलेली! लोट्या मिळालेल्या बायकांची तोंडं पडली. उल्काताईंचं वाण म्हणून पुढे वर्षभर बोललं जात होतं, आणि उल्का ते ऐकून घेत होती, खोटं कशाला बोला. आपण हातची वस्तू किती सहज लुटली, असा एक तोरा होता तिच्या चालण्यात. वाण लुटायचंच असतं, त्याला शब्दच तो आहे. फक्त आपलं लुटायचं असतं, एवढी अट आहे त्यात, ती तिच्या ध्यानात राहिली नव्हती.

निशिकांत रात्री जेवल्यावर कपाटापाशी गेला. बाउल्स कुठे, म्हणाला. तिनं सांगितलं, हसत, सगळी गंमत रंगवून, कोण काय म्हणाली तेसुद्धा. तो ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, “आणि पेट्या?” पेट्या कोण देतं वाणात, ती म्हणाली. “बरं,” तो म्हणाला. बस्स, एवढंच. त्या ‘बरं’वर तिनं नंतर किती वेळ घालवला! त्या वेळी मात्र तिला सुटल्यासारखं झालं होतं. चिडला असता तर तिनंही चार गोष्टी सुनावल्या असत्या. पुण्यातल्या ऑर्किड क्लबची नोकरी चालून आली होती ती तुझ्या बदलीमुळे सोडली, माझ्या चित्रांच्या फाइली पुण्यात माळ्यावर सडतायत, आणि तू वाडग्यांसाठी गळा काढतोस, असं सगळं जिभेवर तयार होतं. तो चिडलाच नाही. त्यानंतरच्या रविवारी तो बाल्कनीत बसला, ऑफिसातून आणलेल्या, कंपनीचं नाव छापलेल्या मगमध्ये त्यानं ती पूड घुसळली आणि प्याला. मगला चित्राची बाजू नसते, त्यामुळे फिरवायचा प्रश्न नव्हता. दोन महिन्यांनी तिला थोडं लागलं मनाला, तेव्हा तिनं ऑर्चर्ड रोडवरून एक नवंकोरं वाडगं आणलं, छान चकचकीत, पेटीसकट. अरे वा, म्हणाला तो. त्यात तो घराच्या किल्ल्या ठेवायला लागला. घुम्या आहेस तू, दगड आहेस, असं ती त्याला कित्येकदा म्हणाली. हे सगळं त्याच्याकडे बघत, त्याच्या तोंडावर म्हणालेलं तिला आता आठवत होतं, अगदी आवाजासकट.

तो गेल्यावर, येणारेजाणारे थांबल्यावर, तिनं कपाट आवरायला काढलं. चार पेट्या मागच्या बाजूला एकावर एक ठेवलेल्या होत्या. तिनं त्या दिवशी घाईत फिती ओढून काढल्या होत्या, एक तर दातानं सोडली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. आता चारही पेट्यांना फिती नीट बांधलेल्या होत्या, त्याच त्या विशिष्ट गाठीनं, टोकं सारखी करून. तिला क्षणभर वेडी आशा वाटली. तिनं पहिली गाठ सोडली. आत पिवळट फडकं होतं, घडी घातलेलं, मध्ये खळगा ठेवून, वाडगं बसेल एवढा. दुसरीतही तेच. तिसरी आणि चौथी तिनं उघडल्या नाहीत. ती तिथेच फरशीवर बसली आणि स्मशानात जे झालं नव्हतं ते तिला तिथे झालं. हा माणूस चार रिकाम्या पेट्यांना गाठी बांधत बसला होता. कधी? ती भिशीला गेली असेल तेव्हा? ती शेजारच्या खोलीत मालिका बघत असताना? दगड म्हणत होती ती त्याला. एक तरी वाडगं परत आणून त्याच्या पेटीत ठेवायचं, आणि मगच हा देश सोडायचा, असं तिनं तेव्हा ठरवलं. त्यानं कोणाचं काय भलं होणार होतं, ते तिला सांगता आलं नसतं. तिनं चौकशी केली, लाज बाजूला ठेवून. एक वाडगं सिडनीला गेलं होतं मालकिणीबरोबर आणि तिथून कुठे ते तिलाही माहीत नव्हतं. एक फुटलं. एकात पुदिना लावायला म्हणून बुडाशी भोक पाडलं होतं, त्याचा फोटो त्या बाईनं हौसेनं पाठवला. राहिलं होतं चैत्रालीचं. म्हणून तर मिक्सर तिला. नाहीतर मिक्सर मागणाऱ्या पुष्कळ होत्या.

चैत्राली पाण्याचे ग्लास घेऊन आली, समोर बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. सारंग कसा आहे, उल्कानं विचारलं. सारंग निशिकांतच्याच टीममधला. त्या दिवशी पँट्रीत तोच शेजारी उभा होता, त्यानंच छाती दाबून बघितली होती ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. चैत्राली म्हणाली, झोपत नाही अजून धड, मध्येच उठून नाडी बघतो स्वतःची, डॉक्टरनं बीपीची गोळी लावलीय, चाळिशीसुद्धा नाही हो त्याची. बोलता बोलता तिनं मंगळसूत्र मुठीत धरलं, आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं. उल्काला तिची माया आली, खरंच आली. पोर गुणी होती. मयताच्या दिवशी तिनंच उल्काला दोन घास भरवले होते, तिच्या पासच्या कागदांसाठी तिच्याबरोबर रांगेत उभी राहिली होती. म्हणून तर उल्काला वाटलं, हिला सरळ विचारावं. आडवळणं कशाला?

“चैत्राली, एक मागू का? मला हे वाडगं परत हवंय.”

चैत्रालीनं वाडग्याकडे बघितलं, मग उल्काकडे, मग पुन्हा वाडग्याकडे. हे, असं म्हणाली, आणि मग हसली, आणि ते हसू मध्येच कुठेतरी विरलं. उल्कानं पेट्यांचं सांगितलं. गाठींचं सांगितलं. चैत्रालीचे डोळे भरून आले, तिनं ओढणीनं टिपले, आणि तरी हात काही पुढे आला नाही. मी तुम्हाला याच्यापेक्षा छान आणून देते ना, म्हणाली. सारंगला जपानला जायचंय मार्चमध्ये. नको, उल्का म्हणाली, हेच. मग हळूहळू निघालं बाहेर. वाण आहे ना ताई ते, सवाष्णीच्या हातून आलेलं. आलेलं वाण असं परत करायचं, म्हणजे सौभाग्य परत केल्यासारखं नाही का होत. आणि द्यायचं तरी... इथे ती थांबली. उल्कानं तिचं वाक्य मनात पुरं केलं. द्यायचं तरी कोणाला, विधवेला? वाण विधवेला देत नाहीत. म्हणजे दोन्हीकडून दार बंद. वाडगं येताना ज्या बाईच्या हातून आलं ती बाई जगात राहिलीच नव्हती, आणि आता जी मागत होती तिला देता येत नव्हतं. शाबास. उल्कानं ही कुलपं घातली नव्हती, पण किल्ल्या फिरवायला तिनं जन्मभर मदत केली होती. चैत्राली घाईघाईनं सांगत होती, माझं काही नाही हो, मी कुठे मानते असलं काही, पण सारंगच्या आई फार मानतात, त्यांना कळलं तर नको नको ते बोलतील, आणि सारंगची ही अशी तब्येत. सारंगच्या आई नाशिकला असतात, उल्काला माहीत होतं.

मग चैत्रालीला एकदम काहीतरी सुचलं. ती उठली, आवाज खाली आणून म्हणाली, “मी आत चहाचं बघते. तुम्ही... तुम्ही आपलं उचला, ताई. कुंकू त्या ताटलीत काढून ठेवा. मी दिलं असं नको व्हायला.” आणि ती आत गेली. पाठोपाठ नळ मोठा सोडल्याचा आवाज आला, भांडी उगाचच वाजली.

उल्का एकटी बसली वाडग्यासमोर. खालून एलआरटी रेल्वेचा डबा घरघरत गेला, समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांतून बांबूंवर वाळत घातलेले कपडे हलले. चोरून न्यायचं. म्हणजे चैत्रालीच्या अंगाला काही लागणार नाही, आणि उल्कालाही हवं ते मिळेल, किती छान सोय. आपल्याच नवऱ्याची वस्तू, मोलकरणीनं चमचा उचलावा तशी, यजमानीण नळ सोडून उभी असताना पर्समध्ये टाकायची. तिनं हात पुढेही केला होता, नाही असं नाही. मग तिला आठवलं, आपणही तर असंच उचललं होतं ते. तो ऑफिसात होता, आणि आपण कपाट उघडलं. एकदा चोरून दिलेलं, आता चोरून घ्यायचं? तिनं हात मागे घेतला. तिला ते हातात दिलेलं हवं होतं. कोणीतरी समोर बसून, चित्र तिच्याकडे करून, घे म्हणायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट, आणि ती मिळण्यासारखी एक सकाळ तिच्या आयुष्यात आली होती, त्या सकाळी ती साखर आणायला गेली.

चैत्राली चहा घेऊन आली. वाडगं जागच्या जागी बघून तिचा चेहरा उतरला. दोघी चहा प्यायल्या. पुण्याचं घर रंगवून घ्यावं लागेल का, तन्मय मेलबर्नहून कधी येणार, यावर बोलणं झालं. चैत्राली नको तितकी भरभर बोलत होती. उल्काला तिचं बोलणं लांबून यावं तसं ऐकू येत होतं. नाही मिळणार, असं तिनं मनाशी मान्य करून टाकलं होतं, आणि मान्य केल्यावर एक कोरडी शांतता आली होती. चला, निघते, ती म्हणाली आणि उठली. चैत्रालीही उठली. दोघी टीपॉयच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या राहिल्या. आणि तेव्हा जे झालं ते उल्कानं केलं नाही, तिच्या हातानं केलं. पंचवीस वर्षं संक्रांतीच्या दिवसांत कोणाच्याही घरून निघताना जे करायचं तेच. ती वाकली, कुंकवात उजव्या हाताचं बोट बुडवलं, आणि समोरच्या सवाष्णीच्या कपाळाकडे हात नेला.

चैत्राली मागे सरकली.

अगदी एक पाऊल. सोफ्याला तिची पोटरी लागली, तोल गेला, ती सावरली, आणि तिचे दोन्ही हात कपाळासमोर आले होते, अंगावर काही फेकलं की येतात तसे. उल्काचं बोट हवेत राहिलं. खोलीत सारंगच्या आई नव्हत्या. कोणीच नव्हतं. चैत्रालीच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, मग लाज आली, आणि लाजेमागून राग. ताई, सॉरी, मला, माझं, असं काहीतरी ती पुटपुटली.   नंदावहिनींनी कधी बोट पुढे केलं असतं तर ती स्वतः किती पावलं मागे गेली असती, याचा उल्का अंदाज घेत होती.

चैत्रालीची नजर कुंकवावर गेली. शिगोशीग भरलेल्या त्या ढिगात उल्काच्या बोटाचा खड्डा पडला होता. ती त्या खड्ड्याकडे बघत राहिली, आणि मग सरळ आत गेली, सुपरमार्केटची एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली, आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी ताणून, अंग मागे ठेवून, पिशवी पुढे धरली.

“न्या तुम्ही ते,” ती म्हणाली. “कुंकवासकट न्या. आता मला ते वापरता नाही येणार.”

मिळालं. किती सोपं होतं. मागून मिळालं नाही, रडून मिळालं नाही, बोट लागल्याबरोबर मिळालं. उल्कानं वाडगं दोन्ही हातांनी उचललं आणि सावकाश पिशवीत ठेवलं, आणि तेवढ्यातही तिनं बघितलं की चैत्राली आपली बोटं तिच्या बोटांपासून सांभाळते आहे. लिफ्टपर्यंत सोडायला चैत्राली आली नाही. दारातच, पोचल्यावर मेसेज करा हं ताई, म्हणाली, सवयीनं. मिक्सरच्या भांड्याचं झाकण जरा घट्ट बसतं, उल्का म्हणाली, तीही सवयीनं.

घरी येईपर्यंत गाड्या बदलताना पिशवीतलं कुंकू सांडत गेलं. मांडीवर घेतलेल्या पिशवीतून तिच्या पंजाबी ड्रेसवर लाल डाग पडला, शेजारची चिनी मुलगी दचकून, आंटी, यू ओके, म्हणाली, तिला रक्त वाटलं असावं. ओके, ओके, उल्का म्हणाली. घरात खोक्यांशिवाय काही उरलं नव्हतं. तिनं वाडगं नळाखाली धरलं. लाल पाणी वाहत राहिलं, वाहत राहिलं, मग स्वच्छ झालं, पण वाडगं झालं नाही. त्या केसासारख्या चिरांत कुंकू उतरलं होतं, आतून फांदीच्या मागे मागे, जाळं विणल्यासारखं. पांढरी फुलं आता गुलाबीसर दिसत होती. चहा पीत गेलं की वर्षानुवर्षांनी चिरांत चहाचा रंग उतरतो, तेच त्याचं वय, असं निशिकांत म्हणायचा. हिरवट तपकिरी व्हायचं होतं ते. साबण, लिंबू, मीठ, सगळं झालं. मग तिनं नळ बंद केला.

पेटी तिनं काढून ठेवली होती, फीत सोडून. पण असं ओलं, लाल वाडगं त्या पिवळ्या फडक्यात ठेवायचा तिला धीर होईना. पुडीचा डबा तिला त्याच्या ऑफिसच्या बॅगेत सापडला होता, रवीही तिथेच होती. तिनं पाणी गरम केलं, पूड घातली, घुसळली. फेस आला नाही, गुठळ्या राहिल्या. ती बाल्कनीत फरशीवर बसली, जिथे तो बसायचा त्याच्या समोर. बाहेर उजेड अजून होता. एक घोट घेतला. कडू होतं, आणि कडूच्या मागे चुनखडीसारखी कुंकवाची चव होती. साखर सकाळीच खोक्यात गेली होती. मग तिला आठवलं, प्यायच्या आधी फिरवायचं असतं. तिनं वाडगं डाव्या तळहातावर घेतलं आणि उजव्या हातानं फिरवलं, फांदी समोर जाईपर्यंत. समोर चटईसुद्धा नव्हती. तिनं चित्र परत स्वतःकडे वळवलं. पुन्हा पलीकडे केलं. चहा निवत गेला आणि ती वाडगं फिरवत राहिली. चित्र कोणाकडे करायचं, ते काही तिला ठरवता येईना.